वेंधळेपणाचा केस पेपर

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती. पस्तिशीतला एक माणूस, त्याची आई आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा असे तिघं आत आले. दाखवायचं होतं त्या माणसाला. दोन वर्षांत तो मोटारसायकलवरून तिसऱ्यांदा पडला होता. टाके घालून झाले होते, आणि माझ्याकडे पाठवलं होतं ते ‘चक्कर येते का बघा’ म्हणून. चक्कर नव्हती. फिट नव्हती. साखर, रक्तदाब, ईसीजी, सगळं ठीक. दारूही नव्हती. मग पडता कसे, असं विचारलं तर म्हणाला, “गाडी चालवताना ध्यान दुसरीकडंच जातंय साहेब. समोर ट्रॅक्टर दिसतोय, पण दिसलेलं डोक्यात शिरत नाही.”

मी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहायला घेतल्या. ओपीडीत दीडशे पेशंट झाल्यावर, काही सापडलं नाही की आमचा हात आपोआप बी-ट्वेल्व्हकडे जातो. तेवढ्यात त्याची आई बोलली. नातवाला मोठ्या दवाखान्यात दाखवलं होतं. शाळेत लक्ष नाही, एका जागी बसत नाही, वह्या हरवतो. “आजार हाय म्हणले. ए-डी-एच का काय ते.” मग लेकाकडे बोट करून म्हणाली, “मंग ह्यो काय निराळा व्हता का? पोराचा आजार अन् बापाचा सोभाव? ह्याला तर आम्ही नुसतं मारलं, साहेब.”

त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून मी बाकीचे तपशील इकडचे तिकडे केले आहेत. आईचं बोलणं आहे तसंच ठेवलं आहे, कारण हा लेख त्या बोलण्यावरच आहे.

एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत ‘अतिचंचलता’ म्हणतात, पण ते नाव अर्धंच आहे. चंचलता हा दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की लक्षाचा लगाम हातात राहत नाही. लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिकडे वळवता येत नाही आणि नको तिथून काढता येत नाही. आवडीच्या कामात हाच माणूस पाच-पाच तास जेवणखाण विसरतो. त्यामुळे घरच्यांची खात्री पटते की ‘मनात आलं की करतोय की! याच्या मनातच नाही.’ मेंदूच्या पुढच्या भागात कामाचा क्रम लावणं, मोह आवरणं, वेळेचा अंदाज घेणं ही कामं चालतात. तिथल्या डोपामिन आणि नॉरअॅड्रिनलिन या रसायनांच्या कारभारात फरक असतो, एवढं आज समजतं. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये हा फरक पकडता येत नाही. निदान होतं ते प्रश्न विचारून, आयुष्याची कहाणी ऐकून.

आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हा हा लहान मुलांचा आजार म्हणून शिकलो, तोही बालरोगाच्या पुस्तकात अर्ध्या पानात. वयात आलं की जातो, असं समजलं जायचं. आता माहीत आहे की पुष्कळांत तो जात नाही, रूप बदलतो. धावणं थांबतं, आतली घालमेल राहते. जगभरातल्या पाहण्यांवरून प्रौढांत त्याचं प्रमाण सुमारे अडीच टक्के धरलं जातं. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या पुढे होती. त्यातले प्रौढ सोळा लाख धरले, तर आकडा चाळीस हजार होतो. हा सर्व्हे नव्हे, नुसता गुणाकार आहे. तरीही इतक्या वर्षांच्या सरकारी नोकरीत मी मोठ्या माणसाच्या केस पेपरवर ते नाव किती वेळा लिहिलं होतं? मागच्या वर्षापर्यंत एकदाही नाही.

आपल्याकडे या माणसांना नावं नाहीत असं थोडंच आहे! धांदरट, वेंधळा, उनाड, भिरभिऱ्या. याच्या पायाला भिंगरी आहे. याचं बूड एका जागी टिकत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. ही सगळी नावं स्वभावाची, आणि स्वभावाचा दोष म्हटला की औषध एकच, बोलणी नाहीतर मार. डॉक्टरांनीही सुरुवात तिथूनच केली होती. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली असूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही अशी मुलं त्याने नेमकी टिपली, पण त्या अवस्थेला नाव दिलं ते नैतिक नियंत्रणातल्या दोषाचं. तिथून वैद्यकशास्त्र बरंच पुढे आलं. गावातली भाषा आणि खरं सांगायचं तर आमच्या ओपीडीतली भाषा १९०२ मध्येच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी सहा प्रश्नांची एक चाळणी आहे. त्यातले प्रश्न मूळ शब्दांत न देता आपल्या रोजच्या जगण्यात आणून सांगतो. अवघड काम उरकलं, शेवटचं किरकोळ तेवढं राहून जातं का? विहिरीवर मोटार बसवली, पण स्टार्टरची पेटी दोन महिने उघडीच. ज्या कामाला क्रम लावावा लागतो, बी, खत, मजूर, ट्रॅक्टर, ते जुळवताना घोळ होतो का? ठरलेली भेट, द्यायचे पैसे, दवाखान्याची तारीख विसरते का? डोकं लावायचं काम असलं की ते टाळलं जातं का? बराच वेळ बसायचं म्हटलं, कीर्तनात किंवा बँकेच्या रांगेत, की हातपाय चाळवायला लागतात का? आणि अंगात मोटार बसवल्यासारखं सतत काहीतरी करत सुटावंसं वाटतं का? हे कधीमधी सगळ्यांनाच होतं. प्रश्न ‘किती वेळा’ हा आहे. सहापैकी चार किंवा जास्त ठिकाणी उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तर पुढे तपासायला हवं. पुढे तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. चाळणीत राहिलं ते सगळं खडेच असतात असं नाही.

याची किंमत काय, ते बघा. आजचा कारभार शेवटच्या तारखेवर चालतो. पीकविम्याची शेवटची तारीख, ई-केवायसी, ओटीपी, पोराच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी, बँकेत कर्जाचं नवं-जुनं. ज्याचं डोकं तारखा धरत नाही, त्याला दरवर्षी यात काही ना काही बसतंच. शहरातल्या पगारदाराला असाच त्रास असेल तर ऑफिस आठवण करतं, मोबाइल आठवण करतो, हप्ता आपोआप कापला जातो. आपल्या शेतकऱ्याची आठवण कोण करतं? त्याची बायको. तीही विसराळू असली की संपलं.

तंबाखूचंही तसंच. निकोटिनने लक्ष घटकाभर जागेवर येतं, आणि एडीएचडी असलेल्यांत तंबाखूचं व्यसन जास्त आढळतं. ‘पुडी टाकल्याशिवाय काम सुचत नाही साहेब’ हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. प्रत्येक पुडीमागे हा आजार नाही, पण काहींच्या मागे असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. अपघातांचं तर मोजलेलंच आहे. स्वीडनमध्ये एडीएचडी असलेल्या १७ हजारांहून जास्त प्रौढांच्या २००६ ते २००९ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. पुरुषांमध्ये, औषध चालू असतानाच्या काळात वाहनांचे गंभीर अपघात औषध बंद असतानाच्या काळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. स्त्रियांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. स्वीडनचे रस्ते आणि आपले रस्ते यात काय फरक आहे ते मी सांगायला नको.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की डॉक्टरांनी गरिबीलाच आजार ठरवलं. मुकादमाची उचल फिटत नाही ती मेंदूतल्या डोपामिनमुळे नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, त्यावर गोळी नाही. मी फक्त त्या माणसाबद्दल बोलतो आहे, जो त्याच गावात, तेवढ्याच जमिनीत, सख्ख्या भावाइतकंच राबूनही सतत दोन पावलं मागे राहतो आणि का ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या टोकाची गंमत अशी की तरुण पोरांना हे नाव आता माझ्याआधी माहीत असतं. पुण्याला किंवा संभाजीनगरला अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढून परत आलेली, पोलीस भरती नाहीतर एमपीएससी करणारी मुलं येतात आणि म्हणतात, “सर, मला एडीएचडी आहे.” कुठून कळलं? रीलवरून. मल्याळम अभिनेता फहाद फासिलने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वयाच्या ४१ व्या वर्षी त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. त्यानंतर असे पेशंट वाढले, असं माझं निरीक्षण आहे. नाव कळलं हे चांगलंच झालं. पण २०२२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी टिकटॉकवरचे या विषयाचे सगळ्यात जास्त पाहिले गेलेले १०० व्हिडिओ तपासले, तेव्हा त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडे टिकटॉक बंद आहे, पण दुसऱ्या अॅपवरचे रील काही वेगळ्या मातीचे नाहीत.

त्या मुलांपैकी अनेकांना एडीएचडी नसतो. कोणाला नैराश्य असतं, कोणाला परीक्षेची धास्ती, आणि पुष्कळांना नुसती झोप नसते. कारखान्याच्या हंगामात रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणाऱ्या कामगाराचं लक्ष दिवसा लागत नसेल, तर त्याला झोप हवी आहे, निदान नको. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, आणि रक्त कमी असलं की विसरायला होतं, कामात मन लागत नाही. थायरॉइड, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, दारू, मनःस्थितीचे चढउतार, हे सगळं आधी बघावं लागतं. यात फिजिशियनचं काम आहे, आणि तेवढं झाल्याशिवाय पेशंटला मानसोपचाराकडे ढकलू नये, असं माझं मत आहे.

या सगळ्यांतून खरा एडीएचडी वेगळा कसा काढायचा? त्याची खूण लहानपणात असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, तीही एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि शाळेतही. तिशीत अचानक सुरू झालेला विसराळूपणा हा बहुधा दुसरंच काहीतरी असतं. नियम चांगला आहे. पण तो बीडमध्ये वापरायला घेतला की अडतो.

कारण बारा वर्षांच्या आतला पुरावा आणायचा कुठून? पुस्तकं सांगतात, शाळेचं प्रगतिपुस्तक पाहा, शिक्षकांचे शेरे वाचा. आमच्या जिल्ह्यातली किती माणसं अशी आहेत की ज्यांचं लहानपण अर्धं गावात आणि अर्धं उसाच्या फडात गेलं. दसरा-दिवाळी झाली की कोयत्यामागे आईबाप निघाले, पोरं त्यांच्याबरोबर कोपीवर. परत आली तेव्हा शाळेची परीक्षा तोंडावर. हंगामी वसतिगृहं झाली, साखरशाळा झाल्या, पण आज जे पस्तीस-चाळीस वर्षांचे आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ते आलं नाही. अशा मुलाच्या शेऱ्यात ‘अनियमित’ लिहिलेलं असतं. ते मूल अनियमित होतं की शाळा त्याच्यापर्यंत पोचली नाही, हे त्या एका शब्दावरून कसं ओळखणार? वर्गात लक्ष नव्हतं हे खरं, पण चार महिने बुडलेल्या गणितात कोणाचं लक्ष लागेल?

म्हणून आईला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मी ते हळूहळू शिकलो, पुस्तकातून नव्हे, आयांकडूनच. गृहपाठ पूर्ण करायचा का, हे विचारून उपयोग नाही. शेळ्या राखायला पाठवलं तर शेळ्या घेऊन यायचा की शेळ्या आधी घरी यायच्या? पाण्याला धाडलं तर कळशी भरून यायची, की कळशी वाटेत ठेवून हा भलतीकडेच? धाकट्या बहिणीला सांभाळायला बसवलं तर तिथे सापडायचा का? वाढं गोळा करायला गेल्यावर बाकीच्या पोरांच्या पेंढ्या व्हायच्या, याची व्हायची का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच कोपीवर वाढलेल्या त्याच्या भावंडांपेक्षा हा वेगळा होता का? परिस्थिती सगळ्यांची सारखी असते, त्यामुळे भावंडांशी तुलना केली की परिस्थितीचा भाग बाजूला काढता येतो. शेरेबुकापेक्षा हा पुरावा कमी नाही. “चार लेकरं होती साहेब, तिघांना एकदा सांगितलं की झालं. ह्याला धाप सांगावं लागायचं,” असं आई सांगते तेव्हा मी पेन उचलतो.

मुलींचं याहून अवघड. त्यांच्यात धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त, असं अनेकदा असतं. शांत बसलेल्या मुलीचं लक्ष खिडकीबाहेर आहे हे मास्तरांच्या लक्षात येत नाही, आणि आलं तरी ते त्रासदायक नसतं. पुढे आमच्याकडे लवकर लग्नं लावतात. बालविवाह ज्या जिल्ह्यांत जास्त होतात त्यांत बीडचं नाव वरच्या यादीत आहे, हे वाचकांना माहीतच आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी सासरी गेलेल्या त्या मुलीचं दूध उतू जातं, भाकरी तव्यावर करपते, पाहुण्यांसमोर भलतंच बोलून जाते. ‘माहेरच्यांनी वळण लावलं नाही.’ झालं निदान. दहा वर्षांनी ती माझ्याकडे डोकेदुखी आणि छातीत धडधड घेऊन येते, आणि तिचं कोणी ऐकून घेतलं की रडते. नैराश्याची गोळी सुरू होते. ती चुकीची असतेच असं नाही, पण खाली दुसरं काही आहे का हे बघायचं राहून जातं.

आता स्वतःबद्दल थोडं. मागच्या वर्षी त्या आजीबाई गेल्यावर मी घरी येऊन ते सहा प्रश्न स्वतःला विचारले. चार ठिकाणी उत्तर रेषेच्या वर. लहानपणी वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहण्यात माझा नंबर ठरलेला होता. दप्तर शाळेत, चप्पल देवळात आणि मी तिसरीकडेच. परीक्षा पास झालो त्या आदल्या रात्रीच्या भीतीवर. डॉक्टर झाल्यावर अपघात विभागात माझ्यासारखा माणूस नाही, असं सहकारी म्हणायचे. साप चावलेला, विष प्यायलेला पेशंट समोर असला की माझं डोकं लख्ख चालतं. आणि त्याच रात्रीचे डिस्चार्ज कार्ड लिहायचे म्हटलं की ढीग आठवडाभर टेबलावर. कौतुक आणि मेमो मला एकाच महिन्यात मिळालेले आहेत.

हे हसण्यावारी नेत आलो. पण एक प्रसंग हसण्यासारखा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयात एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट माझ्या हातात दिला गेला. आकडा धोक्याचा होता. तो मी वाचला, खिशात घातला, मध्येच कोणीतरी हाक मारली म्हणून वळलो, आणि तो रिपोर्ट माझ्यापुरता संपला. ड्यूटीवरच्या सिस्टरने तासाभराने स्वतः लॅबला फोन केला म्हणून तो माणूस वाचला. त्यांनी ही गोष्ट वर कळवली नाही. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला निष्काळजी म्हणत आलो. निष्काळजी असेनही. मला हा आजार आहे का, हे मला आज माहीत नाही, आणि आहे असं ठरलं म्हणून त्या दिवसाची जबाबदारी माझ्यावरून जात नाही. एवढंच की ‘निष्काळजी’ म्हटल्यावर पुढे करण्यासारखं काही उरत नाही, आणि ‘माझं लक्ष असं निसटतं’ म्हटलं की उपाय करता येतो. आता रिपोर्ट खिशात घालायचा नाही, हातात आला की तिथेच उभं राहून केस पेपरवर लिहायचा आणि सिस्टरला वाचून दाखवायचा, हा माझा नियम आहे. त्या दिवसानंतरच केला असता तर बरं झालं असतं.

निदानासाठी मी अजून गेलेलो नाही. लाज वाटते, दुसरं काय! शिवाय माझ्या लहानपणाची एकच साक्षीदार उरली आहे, माझी आई. ती ऐंशीच्या पुढे आहे आणि अलीकडे ती मला धाकट्या मामाच्या नावाने हाक मारते.

उपचाराबद्दल लोकांच्या मनात दोन भीती असतात, गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल आणि तिची सवय लागेल. मुख्य औषध मिथाइलफेनिडेट, १९४४ मध्ये तयार झालेलं, म्हणजे नवं नाही. ते उत्तेजक आहे, म्हणून कायद्याने त्यावर कडक नियंत्रण आहे. ते गल्लीतल्या मेडिकलमध्ये मागून मिळत नाही, आणि तेच बरोबर आहे. अभ्यासासाठी मित्राची गोळी घेणाऱ्या पोरांनी हे वाचावं. रक्तदाब आणि नाडी वाढू शकते, हृदय तपासूनच सुरू करावं लागतं. अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध आहे, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सगळ्यांना औषध लागतंच असंही नाही. कागदपत्रांची एकच पिशवी एकाच खिळ्याला, तारीख कळली की तिथल्या तिथे मोबाइलमध्ये गजर, मोठ्या कामाचे बारके तुकडे आणि घरातलं एक माणूस आठवण करायला, टोमणे मारायला नव्हे. समुपदेशक हेच नीट बसवून देतात.

आता माझं म्हणणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, त्याची सुरुवातही आपल्या राज्यात पालघरला झाली. शून्य ते अठरा वयाच्या मुलांत शोधायच्या ज्या तीस अवस्था त्यात आहेत, त्यांत एडीएचडी आहे. म्हणजे शाळेत, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाच्या यादीत हे नाव आहे. २०१३ मध्ये ज्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती तो आज तिशीच्या पुढे आहे, आणि त्याला हा प्रश्न कधीच कोणी विचारलेला नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकात अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्के आहे. इतका घरात फिरणारा आजार मुलात सापडतो, आणि समोर खुर्चीवर बसलेल्या आईबापाला आपण एक शब्द विचारत नाही! मुलाच्या तपासणीच्या कागदावर आईवडिलांसाठी फक्त एक ओळ असावी, आणि उत्तर होकारार्थी आलं तर त्यांनाही त्याच दिवशी मानसोपचार विभागात पाठवावं. याला नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही.

आणखीही अडचणी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी त्यात नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं, त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. पण या आजाराला मनोरुग्णालय लागतच नाही, ओपीडी पुरते. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे. जाताना लहानपणी पाहिलेलं एक माणूस बरोबर न्यावं, आई, मोठी बहीण, चुलता, कोणीही. शाळेचा जुना कागद असला तर तोही. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

त्या पस्तिशीतल्या माणसाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. बी-ट्वेल्व्हची चिठ्ठी मी फाडली आणि आईसकट त्याला मानसोपचार विभागात पाठवलं. तीन भेटींत निदान पक्कं झालं, औषध सुरू झालं. आठ महिने झाले, गाडीवरून पडलेला नाही. तंबाखू चालूच आहे, आणि पीकविम्याची तारीख यंदाही चुकली. आई मात्र दर महिन्याला त्याच्याबरोबर येते. मागच्या खेपेला तो औषधं घ्यायला गेल्यावर ती माझ्या टेबलाजवळ थांबली आणि विचारलं, “साहेब, तवाच कळलं असतं तर मार वाचला असता का?” मी हो म्हणालो. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, मग पुढचा पेशंट आत आला.